बिनलोखंडाचा हूक

माझ्या टेबलावर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि चहाचा कप यांच्या शेजारी एक लहानसा स्टँड आहे. त्याला शिवणकामाचा पांढरा दोरा बांधलाय आणि दोऱ्याच्या टोकाला हरभऱ्याएवढा चुंबक लोंबतो. कारखान्यात येणाऱ्या पाहुण्याचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. बोटानं टिचकी मारून तो विचारतो, “हे काय, नजर लागू नये म्हणून?” मी म्हणतो, “तसंच समजा.” खरं उत्तर द्यायला वेळ लागतो. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं, हे एकदाचं लिहून टाकावं.

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडे ओतकाम आणि मशिनिंग दोन्ही चालतं. ओतलेला, कातलेला भाग नकाशाप्रमाणे झालाय का, हे मोजायचं. झाला असेल तर सही, नसेल तर लाल खडूची फुली. या कामात मित्र फार मिळत नाहीत. आमचा बहुतेक माल बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा: पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग. समुद्राशी आमचा संबंध म्हणाल तर घाट उतरून कधीतरी मुलांना वाळूत खेळायला नेलं, तेवढाच. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारते, “आज काय झालं?” मी म्हणतो, “काही नाही.” ती चिडते. तिला वाटतं मी बोलायचं टाळतो. तपासनिसाच्या दिवसात काही झालं नाही, तर तो दिवस चांगला गेला, हे तिला पटवणं मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

अशा आमच्या कारखान्यात एक दिवस चीफ आले.

चीफ म्हणजे श्रीपती देसाई. राहणार नेसरीकडचे. नौदलात पाणबुडे होते. पाणबुडी नावाच्या बोटीत बसणारे नव्हेत, तर पाठीवर हवा घेऊन स्वतः पाण्यात उतरणारे. ‘चीफ’ हा त्यांचा तिथला हुद्दा. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला, म्हैस घेतली, पण हुद्दा नावाला चिकटून राहिला. त्यांचा मुलगा अमर त्याच कामात आहे. बाप ज्या बंदरावरच्या तुकडीत होता त्याच तुकडीत. कुठलं बंदर ते लिहीत नाही, लिहायची गरजही नाही.

चीफनी कापडी पिशवीतून एक हूक काढून आमच्या मालकांच्या, आबांच्या, समोर ठेवला. परदेशी होता. तळहातापेक्षा जरा मोठा, तोंडाला स्प्रिंगची झडप.

“हे हितं हुईल का?”

आबांनी तो हातात तोलला. आबा वजनावरून धातू सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. “ब्राँझ हाय. ह्यात काय अवघड? जेवून या, तवर करून ठेवतो.”

“करशीला. पण ह्यात लोखंड नगो. कणभर न्हाय.”

“ब्राँझात कशाला लोखंड असंल?”

“तेच बगायला आलोय,” चीफ म्हणाले आणि न बोलावता बसले.

आता हा हूक कशासाठी, ते सांगतो. मला जसं कळलं तसं.

सुरुंग म्हटलं की आपल्याकडे विहीर खोदताना कातळात भरतात तो आठवतो. समुद्रातला सुरुंग वेगळा. तो पिंपासारखा असतो, तळाच्या वाळूत गप पडून राहतो आणि वाट पाहतो. वरून जहाज गेलं की एवढ्या लोखंडामुळे आजूबाजूचं चुंबकत्व किंचित बदलतं. ते त्याला कळतं. काहींना इंजिनाचा आवाज कळतो, काहींना पाण्याचा दाब. मग तो उडतो. लढाई संपली तरी त्याला कुणी ते सांगायला जात नाही. तो वाट पाहतच राहतो.

तो शोधायला शेवटी माणूस उतरतो. आता ज्याला लोखंड कळतं त्याच्याजवळ लोखंड घेऊन जायचं नाही, हे उघड आहे. म्हणून या पाणबुड्यांची हवेची नळकांडी ॲल्युमिनियमची, सुरी वेगळ्या धातूची, बूट-पट्ट्यांची बक्कलंसुद्धा तपासलेली. श्वासाचं यंत्र असं की फारसे बुडबुडे सुटत नाहीत, आवाज होत नाही.

सुरुंग सापडला की पहिलं काम खूण करण्याचं. खाली पाणी इतकं गढूळ असतं की स्वतःचा पंजा दिसत नाही. सापडलेली वस्तू सोडून दोन हात बाजूला झालात तर ती पुन्हा सापडेलच असं नाही. म्हणून सोबत एक फिरकी असते. पतंगाची असते तशीच, फक्त जाड. शिशाचं वजन सुरुंगाजवळ अलगद ठेवायचं, फिरकीतून बारीक दोरी सोडत वर यायचं आणि दोरीच्या टोकाचा तरंगता गोळा, म्हणजे बोया, पाण्यावर सोडायचा. शेतात पाणाड्यानं दाखवलेल्या जागी आपण दगड रचून ठेवतो, तसाच हा प्रकार.

मग ठरतं, जागच्या जागी उडवायचा की उचलायचा. नवीन जातीचा असेल, अभ्यासाला हवा असेल, तर उचलतात. त्यासाठी एक पिशवी असते, जाड रबरी कापडाची, खालून उघडी, हवेत उतरणाऱ्या छत्रीसारखी. सुरुंगाभोवती पट्टा बांधायचा, पट्ट्यात हूक अडकवायचा, हुकाला पिशवी. पाणबुड्या तिथून निघून जातो, दूर गेल्यावर लांब नळीनं पिशवीत हवा सोडतात. पिशवी फुगते आणि सुरुंगाला घेऊन वर येते. यातला हूक थेट सुरुंगाला टेकतो. जाड हातमोजा घातलेल्या एका हातानं, अंधारात, आवाज न करता तो अडकवता आला पाहिजे. परदेशी हूक इथंच करून मिळतात का, हे नौदलानं जुन्या ओळखीनं चीफना बघायला सांगितलं होतं. आमच्याकडे काम आलं ते हे: साठ हूक, फिरक्यांचे दांडे आणि वजनाच्या पकडी. त्यातला हूक सगळ्यात महत्त्वाचा. पहिले हूक चाचणीला जाणार होते अमरच्या तुकडीकडे. चीफनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि वर म्हणाले, “माझं पोरगं हाय म्हणून काय येगळं करू नगा. दुसऱ्याचं असतं तर जे केलं असतासा तेच करा.”

मी विचारलं, “एवढ्याशा लोखंडानं खरंच काही होतं का हो?”

चीफनी उजव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. मुळाशी एक फिकट वळ होता.

“मी एकदा मेलोय,” ते म्हणाले.

सरावासाठी नौदलाकडे खोटे सुरुंग असतात. आत दारू नसते, पण कान-डोळे सगळे खऱ्यासारखे. जवळ येणाऱ्यानं चूक केली की तो नारिंगी धूर वर सोडतो. धूर आला की खालचा माणूस मेला असं धरतात. चीफ तेव्हा तरुण होते. पहिल्यांदा नोकरीवर निघताना आईनं बोटात घोड्याच्या नालेची अंगठी घातली होती. साडेसाती होती म्हणे. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाची तपासणी होते. सगळं काढून ठेवलं, पण बोट सुजलेलं होतं, अंगठी निघेना, आणि हातमोज्यात दडली. तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटली. चीफनी सुरुंगाला हात लावला आणि वर नारिंगी धूर आला.

“बोटीवर आलो तर समद्यांनी माझ्याकडं बगून टोप्या काढल्याल्या,” चीफ म्हणाले. “जेवायच्या येळी माझं ताट बी लावलं न्हाय. मेलास म्हणं तू, तुला कशाला जेवाण? उपाशी ठेवलं की दिवसभर. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन अंगठी कापून काढली.”

“आणि आई?”

“तिला सांगितलं, समुद्रात पडली. तवा तिनं आणि एक करून पाठवली.” ते हसले. “ती पेटीतच हाय अजून.”

निघताना त्यांनी खिशातून हा दोरा आणि चुंबक काढून मला दिला. त्यांच्या तुकडीतली जुनी पद्धत. मोजायचं यंत्र असतंच, पण यंत्र आणायला जावं लागतं आणि दोरा खिशात असतो. पाण्यात उतरण्याआधी, बोटीवरच, वस्तूजवळ चुंबक लोंबता धरायचा. लोखंड असेल तर तो तिच्याकडे झुकतो.

आम्ही चार नमुने केले. ब्राँझचेही प्रकार असतात आणि काहींत ताकदीसाठी मुद्दाम थोडं लोखंड घालतात, हे आबांना माहीत होतं. त्यांनी तसलं न घेता सिलिकॉनचं घेतलं, धातू वितळवायची मूस नवी आणली. नमुने नौदलाला दाखवायचे म्हणून आमच्या पोरांनी ते इतके घासले, पुसले, चमकवले की नवरीच्या अंगावर घालता आले असते. माझ्या मापात बसले. तिकडे यंत्रावरही पास झाले. आता साठ करायचे.

पण त्याआधी हूक ओझं घेऊन कसा वागतो हे आम्हाला डोळ्यांनी बघायचं होतं. चीफ म्हणाले, विहिरीत बघू. गडमुडशिंगीला आबांच्या ओळखीच्या पांडूतात्यांची मोठी विहीर आहे. आठ मीटर पाणी. आम्ही पन्नास लिटरचं एक पिंप काँक्रीटनं भरलं, वजन एकशे वीस किलो. पाण्यात गेलं की पन्नास लिटरची जागा अडवतं म्हणून पन्नास किलो हलकं होतं, उरतात सत्तर. म्हणजे पिशवीत सत्तर लिटर हवा गेली की पिंप तळ सोडणार. हे गणित मी घरून करून गेलो होतो.

पिंप कप्पीनं विहिरीत सोडलं. चीफ काळा पोशाख घालून पायऱ्यांवर बसले, तोंडात नळी धरली आणि पाण्यात दिसेनासे झाले. तेवढ्यात बांधावरून एक माणूस सायकल टाकून पळत सुटला. थोड्याच वेळात विहिरीवर निम्मं गाव.

“कोण हाय ओ?” एका म्हाताऱ्यानं मला विचारलं.

“कोण म्हणजे?”

“पडलंय कोण?”

“कुणी नाही. चाचणी आहे.”

“मग त्यो माणूस काय काढाय गेलाय?”

“पिंप.”

“पिंप कुणी टाकलं?”

“आम्हीच.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “पावणं, तुमीच टाकलासा, आन तुमीच काढालायसा?”

“हो.”

“सरकारी काम दिसतंय,” तो म्हणाला आणि समाधानानं बसला.

पांडूतात्यांना बायकोनं घरातून हाक मारून विचारलं, पाणी प्यायचं का नाही? तात्या ओरडले, “पी की, माणूस धुतल्याला हाय!”

चीफ वर आले, काठावर बसले, नळीतून हवा सोडायला सुरुवात झाली. काही वेळ नुसते बुडबुडे. मग पाणी तळातून ढवळलं आणि पिशवी अशी उसळून वर आली की पुढच्या रांगेतली माणसं भिजली. याचंही गणित आहे. आठ मीटर खोल दाब वरच्या पावणेदोन पटीपेक्षा थोडा जास्त असतो. तिथली सत्तर लिटर हवा वर येईपर्यंत फुगून सव्वाशे लिटर होते. आमची पिशवी शंभरची. वरची पंचवीस-सव्वीस लिटर खालच्या उघड्या तोंडातून सांडली. तोंड बंद असतं तर पिशवी फाटली असती. म्हणून ते उघडं ठेवतात, आणि म्हणून एकदा पिंप तळावरून हललं की ते थांबवता येत नाही, वेग वाढतच जातो. वर येताना कुणी वाटेत नसावं. हे मी लोकांना समजावून सांगू लागलो, पण त्यांचं लक्ष पिंपाकडे होतं. त्यातून काहीतरी निघेल अशी त्यांना शेवटपर्यंत आशा होती.

हूक उत्तम वागला. झडप अडकली नाही, कुठं वाकला नाही. आबा खुशीत होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, “सुरेश, बिडाच्या घमेल्यातनं भाईर पडलो बग आपण.” त्या दिवसांत ट्रॅक्टरची कामं कमी झाली होती. हे नवं काम टिकलं तर पुढं बरंच काही होतं. आबांना मुलगा नाही, कारखाना पुतण्याला द्यायचा होता आणि पुतण्याला बिडाच्या धुरात रस नव्हता. समुद्राचं नाव काढल्यावर तो प्रथमच कारखान्यात चार तास थांबला होता.

साठ हूक तयार झाले. एकेक मोजला. भोकं, झडपेचा खेळ, स्प्रिंगचा जोर, सगळं नकाशात बसत होतं. धातूच्या पृथक्करणाचा अहवालही चोख. खोकी खिळ्याऐवजी पट्ट्यांनी बांधली होती. फक्त माझी सही राहिली होती. नमुना पास असल्यामुळे तिकडे पुन्हा सगळे तपासणार नव्हते, माझ्या सहीवरच माल उतरणार होता. सही करण्याआधी सहज म्हणून मी चीफचा दोरा काढला.

चुंबक हुकाकडे झुकला.

फार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पंख्यानं हलावं तेवढा. मी पंखा बंद केला. पुन्हा धरला. पुन्हा झुकला. दुसरा हूक घेतला, तिसरा घेतला. साठही तसेच, कमी-जास्त.

आबांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “नमुना पास झालाय की.”

“नमुन्याकडे झुकत नाही. बघा.” मी ठेवणीतला चौथा नमुना काढला. दोरा सरळ.

“मग तुझा दोरा हलतोय. ह्यो काय शास्त्र हाय का? एक मूस, एकच धातू, कागद समोर हाय. यंत्राचा कागद खोटा आन बाजारातला दोरा खरा?”

“कागद खोटा नाही. पण मी सही करणार नाही.”

आबा उठून उभे राहिले. “माझा कारखाना तुझ्या दोऱ्याला टांगलास व्हय रं? चाचणीची तारीख ठरल्या. न्हाय गेला माल तर दुसऱ्याला देतील ती. आन परत आपण हायच, पंपाची टोपणं वतत.”

“खाली अमर असणार आहे, आबा.”

“सराव हाय त्यो! दारू न्हाय त्यात!”

“आज सराव आहे. हूक पंधरा वर्षं वापरतील.”

ते तरातरा निघून गेले. भट्टीपाशी कुणावर तरी ओरडल्याचं ऐकू आलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं हिशेबात चुकीचं नव्हतं. धातू एकच होता. मग एक झुकतो आणि एक झुकत नाही, असं का?

मी एक हूक घेऊन त्याच्यावरून चुंबक सगळीकडे फिरवला. पाठीवर झुकला. पोटावर झुकला. जिथं भोक पाडून आतून गुळगुळीत केलं होतं, तिथं झुकला नाही. मग मी मशिनवर जाऊन पाठीचा एक पातळ पापुद्रा काढून घेतला. तिथं झुकायचा थांबला. म्हणजे लोखंड धातूत नव्हतं, कातडीत होतं. वरून लागलेलं होतं. तो हूक घेऊन मी उलट्या वाटेनं निघालो. ड्रिलवरून घासायच्या टेबलावर, तिथून खलीलभाईंकडे.

खलीलभाई आमच्याकडे शॉट ब्लास्टिंगचं यंत्र चालवतात. साच्यातून निघालेल्या ओतकामाला वाळू चिकटलेली असते. ते या यंत्रात घालतात आणि आतून पोलादी बारीक गोळ्यांचा मारा करतात. भाग स्वच्छ, एकसारखा करडा होऊन बाहेर पडतो. कोल्हापुरात कुठल्याही फाउंड्रीत जा, ओतलेली वस्तू या यंत्रातून गेल्याशिवाय पुढं जात नाही. लेकराला आंघोळ घालून शाळेत पाठवावं इतकं ते ठरलेलं. नकाशात कुणी लिहीत नाही, कुणी सांगतही नाही.

“खलीलभाई, हे हूक तुमच्याकडून गेले?”

“गेले की. माझ्याकडनं न जाता कोण जातंय?”

यंत्राच्या कडेला सांडलेले गोळे होते. मी चुंबक खाली सोडला. त्याला दाढी फुटावी तसे गोळे आणि त्यांची भुकटी चिकटली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बिडावर पोलाद मारलं तर काही बिघडत नाही, दोन्ही लोखंडच. पण ब्राँझ मऊ. त्यात पोलादाचे कण रुतून बसतात, डोळ्याला दिसत नाहीत. नमुन्यांचंही तेच झालं होतं, पण पोरांनी हौसेनं घासून ती कातडीच काढून टाकली होती. चांगलं दिसावं म्हणून केलेल्या कामानं नमुना पास झाला होता आणि माल नापास.

खलीलभाई यंत्राच्या दारावर हात ठेवून म्हणाले, “म्हंजे मी धुतलं नाय, माखलं.”

“आपण सगळ्यांनी. चला, आबांकडे जाऊ.”

आबांनी ऐकून घेतलं. चुंबकाची दाढी बघितली. खुर्चीत बसले. मग स्वतःच फोन उचलला आणि बंदरावरच्या साहेबांना लावला. आबांचं हिंदी मी इथं तसंच देतो.

“साहब, माल तयार है. लेकिन देता नहीं.”

पलीकडून काही विचारलं गेलं.

“लोहा लगा है. अंदर नहीं, बाहर से. हमारा ही लगा है.”

साहेबांनी शाबासकी दिली नाही आणि रागावलेही नाहीत. चाचणीची तारीख बदलणार नाही, तोवर बारा हूक स्वच्छ करून आणा, यंत्रावर आम्ही स्वतः बघू, न झाल्यास जुनेच परदेशी हूक वापरू, एवढं म्हणाले. आबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “बाराच जायाचे. पण एकेकाला तुझा दोरा लावून.”

मग आमच्या कारखान्यात एक कोपरा सोवळ्यात गेला. हूक तेजाबात बुडवून वरचे कण विरघळवले, धुतले आणि पोलादी गोळ्यांऐवजी कुरुंद दगडाच्या भुकटीनं साफ केले. कानशी नव्या, त्या दुसऱ्या कशाला लावायच्या नाहीत. ब्रश पितळेच्या तारांचे. टेबल लाकडाचं. आमच्या सुरक्षेच्या बुटांच्या टोकात पोलादाची वाटी असते आणि तळाला बिडाची भुकटी चिकटलेली, म्हणून बूट बाहेर. आबा स्वतः दारात बूट काढून, मोज्यांवर आत आले तेव्हा खलीलभाई म्हणाले, “या मालक, पण घंटा नाय हितं.” आबा म्हणाले, “तू हायस की.”

चीफना मी सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा अंगठा त्या बोटाच्या वळावर फिरत होता. “पोराला सांगू नगा,” एवढंच म्हणाले. “हातात घेताना हूक नवा असावा, त्याची गोष्ट नव्हं.”

बारा हूक गेले. तिकडे यंत्रावर बाराही पास झाले. राहिली समुद्राची चाचणी. ती बघायला आम्हाला कुणी बोलावणार नव्हतं आणि चीफनाही आता आत प्रवेश नव्हता. त्या सकाळी ते नेसरीहून एसटीनं आले आणि आमच्या ऑफिसात येऊन बसले. घरी बसलो असतो तर बायकोनं तोंड बघून ओळखलं असतं, म्हणाले. त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला. आबा आत-बाहेर करत होते. भट्टी चालू होती, त्यामुळे त्यांना निमित्त होतं. मला नव्हतं. मी उगाच एका पंपाच्या टोपणाचा व्यास पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

दुपारचा डबा तसाच राहिला. खलीलभाई दारात येऊन उभे राहिले, परत गेले. चीफ फोनकडे बघत होते. “खाली असताना काय वाटत न्हाय,” ते म्हणाले. “हे वर बसणं वंगाळ.”

फोन वाजला तेव्हा चीफनी तो स्पीकरवर टाकला.

“आप्पा.”

“हं.”

“जेवलासा?”

“ते ऱ्हाऊ दे. काय झालं?”

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हंजे?”

“म्हंजे काय न्हाय झालं, आप्पा. गेलो, खूण केली, हूक लावला, लांब आलो. हवा सोडली. बसला हुता तसा वर आला. धूर न्हाय, कायच न्हाय.” मग जरा थांबून, “हूक झ्याक हाय. एका हातानं लागतोय. कुणी केलाय?”

चीफनी आमच्याकडे बघितलं. आबा दारात उभे होते, हातात भट्टीचा काळा चष्मा. त्यांनी उत्तर देण्याआधी आबाच पुढं आले आणि वाकून फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, “कोल्हापुरात केलाय!” आणि वळून निघून गेले. डोळे पुसायला भट्टीचा धूर त्यांना नेहमी उपयोगी पडतो.

चीफनी डबा मागितला. माझाच डबा आम्ही दोघांनी खाल्ला.

राहिलेले अठ्ठेचाळीस हूक पुढं त्याच पद्धतीनं गेले. मग आणखी काम आलं. फार नाही, पण येतं. पुतण्या आता तो सोवळ्यातला कोपरा बघतो. बिडाकडे अजून फिरकत नाही. एक खंत आहे, ती लिहितो. ज्या वस्तू मी इतक्या मोजतो, त्या वापरताना मला कधी दिसणार नाहीत. सुरुंग जागीच उडवतात तेव्हा त्याच्याजवळचं वजन, दोरी, सगळं त्याच्याबरोबर जातं. पंपाचं टोपण निदान कुणाच्या तरी शेतात भेटतं.

चाचणीतला एक हूक मात्र चीफनी परवानगी काढून परत आणला. पाठीवर वाळूचे ओरखडे आहेत. तो माझ्या टेबलावर, त्या स्टँडच्या खाली असतो. पाहुण्यानं टिचकी मारली की चुंबक झुलतो, हुकावरून जातो, येतो, आणि सरळ होऊन थांबतो.

त्या चाचणीच्या दिवशी घरी गेलो तेव्हा बायकोनं विचारलं, “आज काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या एका दिवशी ती चिडली नाही. म्हणाली, “मग बस. सगळं सांग.”